दडवलेला निरोप

मकबूल मिस्त्री साडेचार वर्षांनी अबादानहून नांदेडला परतला, त्या दिवशी त्याची मुलगी रजिया त्याला बघून शेजारच्या घरात पळाली. तो गेला तेव्हा ती वर्षाची होती. आता तिला सहावं लागलं होतं. अख्तरीनं तिला दंडाला धरून ओढत आणलं. "सलाम कर. अब्बा आहेत तुझे." पोरीनं मान खाली घालून सलाम केला आणि हात सुटताच पुन्हा धूम ठोकली. मकबूल हसला. अख्तरीला हसू आलं नाही. दारात उभा असलेला, गालफडं बसलेला, भट्टीजवळ ठेवल्यागत करपलेला हा माणूस आपलाच नवरा, हे तिलाही घटकाभर मनाला बजावावं लागलं होतं.

मकबूल गिरणीत बॉयलरचा फिटर होता. हाताला असा गुण की लातूरच्या जिनिंगवाल्यांचं इंजिन अडलं तरी बोलावणं त्यालाच यायचं. सन छत्तीसला मुंबईच्या एका एजंटानं इराणमधल्या अबादानच्या तेल कारखान्यासाठी कारागीर भरती केले, त्यात तो गेला. तिकडं बायकापोरं न्यायची मुभा नव्हती. करार तीन वर्षांचा; पुढं लढाई पेटली आणि तो लांबत गेला. अख्तरी इतवारा पेठेतल्या दोन खोल्यांत पोरीला घेऊन राहिली. महिन्या-दीड महिन्यानं पत्र यायचं. पत्रात सगळं गोडगोड असायचं. विजेचे पंखे, नळाचं पाणी, खजुरांच्या बागा, समुद्राचा वारा. गल्लीतल्या बायका तिच्याकडून ती पत्रं वाचून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "अख्तरी, नशीब काढलंस बाई."

परत आल्यावर तिसऱ्या जुम्म्याला, नमाजहून आल्यावर, मकबूलनं विचारलं, "माझी पत्रं ठेवलीस का?"

"सगळी आहेत. पेटीत."

"चुलीत घाल."

तिला वाटलं, थट्टा करतोय. पण तो उंबऱ्यावर बसला होता आणि त्याची नजर अंगणातल्या दगडावरून हलत नव्हती. मग त्यानं सांगितलं. पंखे होते, पण साहेबांच्या बंगल्यात. कारागिरांना तंबू. उन्हाळ्यात लोखंडाला हात लावला की कातडी चिकटून यायची. पाणी खारट, जुलाब ठरलेले. दुपारी माणसं चालता चालता पडायची. त्यांना ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे. कुणी उठायचं, कुणी नाही.

"मग तसं का नाही लिहिलं?"

"काय लिहू? गिरणी सोडू नको म्हणून तू रडलीस, तरी मी गेलो. आता कुठल्या तोंडानं लिहू?" त्यानं उंबऱ्यावरची माती बोटानं खरवडली. "तुला खोटं लिहिलं ते एक वेळ ठीक. तुझ्यापुरतंच राहिलं. विरूपाक्षलाही तेच लिहिलं."

विरूपाक्ष लातूरचा. जातीनं लिंगायत, धंद्यानं सुतार. जिनिंगमध्ये मकबूल इंजिन जोडायचा तेव्हा लाकडाचं काम विरूपाक्ष करायचा. तिथंच दोघांचं जमलं. अडतीस साली विरूपाक्षला दोन ठिकाणचं बोलावणं होतं: एक आफ्रिकेतल्या मोंबासाचं, रेल्वेच्या कारखान्यात, आणि एक अबादानचं. त्यानं मकबूलला पत्र टाकून विचारलं, दादा, कुठं जाऊ? मकबूलनं लिहिलं, इकडंच ये, इथं राजासारखा राहशील.

"एकटा पडलो होतो, अख्तरी," मकबूल म्हणाला. "आपल्या मुलखातलं कुणी बोलायला असावं म्हणून लिहिलं. दुसरं काही कारण नव्हतं."

विरूपाक्ष आला. तंबू बघितला, मकबूलकडं बघितलं. पण त्या पत्राबद्दल दोन वर्षांत एका शब्दानं बोलला नाही. गेल्या जून महिन्यात, फळ्या कापता कापता, तो करवतीवरच कलंडला. ओल्या गोणपाटात ठेवला, पण उठला नाही.

"त्यांच्यात जाळत नाहीत," मकबूल म्हणाला. "बसवून पुरतात. मांडी घालून, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर देऊन. मला ठाऊक होतं, त्यानंच एकदा सांगितलं होतं. मी आणि दोघा पंजाब्यांनी खड्डा खणला. तिथली जमीन खाडीची. गुडघाभर खणलं की पाणी. दुसरीकडं खणलं, तिथंही पाणी. तिसरीकडं खणलं. उन्हानं प्रेत टिकेना. शेवटी आडवाच ठेवला." त्यानं दोन्ही तळवे मांडीवर पालथे घातले. "पाण्यात."

अख्तरीनं त्याला पाणी आणून दिलं. तो ते प्यायला नाही.

त्या दिवसापासून तिनं मनाशी एक गाठ मारली: हा माणूस पुन्हा एकटा कुठं जाणार नाही. आणि तशी संधी आलीही. गल्लीतलाच चांदपाशा, मकबूलच्या हाताखाली शिकलेला, मोंबासाच्या रेल्वे कारखान्यात होता. त्याचं पत्र आलं की फिटर हवेत, राहायला क्वार्टर मिळतं, बायकामुलं आणता येतात. गिरणीत मकबूलची जुनी जागा भरली गेली होती. त्याला रोजंदारीवर पडेल ते काम देत होते. मोंबासाचा विचार दोघांनीही धरला.

"चांदपाशाही खोटं लिहीत असला तर?" अख्तरीनं विचारलं.

मकबूलनं विचार केला. "बायको तिथं आहे त्याची. तिनंही तुला दोन ओळी लिहिल्यात. तीन पोरं घेऊन माणूस तंबूत राहत नाही."

हैदराबादला परवान्यासाठी अर्ज गेला. तिघांचा. अख्तरीनं रजियाला मोंबासा म्हणायला शिकवलं. पोरगी दिवसभर मोंबासा, मोंबासा करत उड्या मारायची आणि बापाच्या पाठीवर चढायची.

जाण्याआधी एक काम उरलं होतं. विरूपाक्षची हत्यारं मकबूलनं बरोबर आणली होती. रंधा, पटाश्या, वाकस, सगळं तेल लावून पोत्यात बांधलेलं. ती लातूरला त्याच्या घरी द्यायची. मरणाची खबर तारेनं गेलेली होती, पण तोंडानं सांगणं राहिलं होतं. एकट्याला जाववेना म्हणून अख्तरी बरोबर निघाली. परभणीला गाडी बदलली, परळीला बदलली, लातूर रोडला उतरून मोटारनं गावात गेले तेव्हा दुसरा दिवस उजाडला होता.

विरूपाक्षची बायको पार्वतम्मा तिशीची, उंच, सावळी. कपाळाला विभूती. ती आणि तिचा धाकटा भाऊ मलप्पा एकाच घरात राहत. मलप्पाही सुतारच, पंचविशीचा, मेहुण्याच्या हाताखाली तयार झालेला. तिनं ओसरीवर घोंगडी टाकली. पोतं सोडलं. एकेक हत्यार हातात घेऊन बघितलं आणि परत ठेवलं. रडली नाही. मग म्हणाली, "मकबूलभाऊ, एकच इचारते. बशीवलं का त्यास्नी?"

अख्तरीनं बुरख्याच्या जाळीतून नवऱ्याकडं बघितलं.

"हाव," मकबूल म्हणाला. "बसवलं. मांडी घालून. लिंग डाव्या तळहातावर दिलं. कोरडी, चांगली जागा होती."

पार्वतम्मानं डोळे मिटले. तिचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि पदरानं पुसले. "तुम्ही व्हता म्हणून झालं," ती म्हणाली. "न्हाईतर परमुलखात कोण कुणाचं."

मकबूलच्या कपाळावर घाम आला होता. थंडीचे दिवस होते.

तेवढ्यात मलप्पानं कोनाड्यातून एक बोचकं काढलं. विरूपाक्षची पत्रं. मोडीत लिहिलेली, शाळामास्तराकडून वाचून घेतलेली, मलप्पाला जवळजवळ पाठच होती. "मिस्त्री, दाजींनी लिहिलंय, विजेचे पंखे हायेत, नळाचं पानी हाय. मी बी जायलोय. एजंटाला नाव दिलंय. तुम्ही तिथलं सांगा की थोडं."

अख्तरीनं ते शब्द ओळखले. तेच पंखे, तेच पाणी. विरूपाक्षनंही घरी तेच लिहिलं होतं.

मकबूल उठून उभा राहिला. "मलप्पा, ते सगळं खोटं आहे." आणि मग त्यानं अख्तरीला सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. तंबू, लोखंड, गोणपाट. फक्त खड्ड्याचं सांगितलं नाही. पार्वतम्मा ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू दगडासारखा होत गेला.

"म्हंजी दोन वर्सं ते सुखात हायेत म्हणून मी हितं सणवार केले," ती म्हणाली, "आन ते तिकडं असं."

"तिकडं कुणी जाऊ नये," मकबूल म्हणाला. "जायचंच तर आफ्रिकेला जा. आम्ही जातोय. वर्षभरात तुलाही बोलावून घेतो."

मलप्पा हसला. वाईट हसला. "लई वाईट हाय म्हणता, मग तुम्ही साडेचार वर्सं कसे काय राहिला? तुमच्या हातात घड्याळ हाय, मिस्त्री. वर्षभर मी हितं काय चाटू? आपलं झालं, आता दुसऱ्यानं जाऊ न्हाई. असंच असतंय."

"मलप्पा!" पार्वतम्मा ओरडली.

"खरं तेच बोलायलोय अक्का. दाजी मेले ते नशिबानं. हितं माणसं मरत न्हाईत का?"

मकबूलनं घड्याळ काढून ओसरीवर ठेवलं. मलप्पानं ते उचललं नाही, आणि मकबूलनंही परत घेतलं नाही. परतीच्या वाटेवर परळीच्या फलाटावर तो म्हणाला, "एक खोटं सांगितलं ते त्यांनी लगेच मानलं. खरं सांगितलं ते कुणाला पटलं नाही."

पंधरा दिवसांनी हैदराबादहून परवाने आले. तिघांचे. अख्तरीनं ते कुराण ठेवायच्या लाकडी रेहलीमागं ठेवले. भांडी कुणाला द्यायची, बकरी कुणाला द्यायची हे ठरवलं.

त्याच आठवड्यात, मंगळवारी सकाळी, मकबूल कामावर गेल्यावर, दारात पार्वतम्मा उभी राहिली. लातूरच्या आडतीतले एक म्हातारे मुनीम नांदेडला येत होते, त्यांच्या सोबतीनं ती आली होती. पायांवर धुळीचे थर. अख्तरीनं तिला आत घेतलं. आपल्या घरचं शिजवलेलं ती खाणार नाही हे जाणून रजियाला शेजारच्या इंदूबाईंकडं पाठवून पाण्याचा तांब्या मागवला आणि ताटलीत गूळ-शेंगदाणे ठेवले.

"मी काही मागाय आले न्हाई," पार्वतम्मा म्हणाली. "मलप्पा गेला. परवा. न सांगता गेला. भायखळ्याला एजंटाच्या खोलीवर उतरणार हाय. बोट पुढच्या सोमवारी हाय म्हणं. मी बाईमाणूस, मुंबईला कुठं हुडकू? मिस्त्रींनी गाठलं तर ऐकंल. तोंडानं काही बोलू दे, मनातून मानतो त्यास्नी."

"सांगते," अख्तरी म्हणाली. "आल्याबरोबर सांगते."

पार्वतम्मानं तिचे हात हातात घेतले, घट्ट दाबले आणि ती निघाली. मुनीम चौकात खोळंबले होते.

अख्तरी दिवसभर तेच घोळवत राहिली. मुंबईला गेला तर एजंट तोच. मकबूलचं नाव त्याच्या वहीत होतंच. लढाईमुळं बॉयलरच्या फिटरांना तिकडं सोन्याचा भाव. पोराला सोडवायला गेलेला हा माणूस स्वतःच अडकून बसेल. तिला त्याचा स्वभाव माहीत होता. विरूपाक्षचं ओझं त्याच्या मानेवर होतंच. मलप्पा ऐकत नाही म्हटलं की हा त्याच्यामागं बोटीवर चढेल. आणि रेहलीमागचे परवाने तिथंच राहतील.

संध्याकाळी तो आला. तिनं भाकरी वाढली. तो म्हणाला, "आज कोण आलं होतं? इंदूबाई म्हणत होत्या, पाणी मागवलंस."

"भिकारीण होती एक," अख्तरी म्हणाली.

तोंडातून गेलं आणि तिचं तिलाच कसंतरी झालं. पण गेलं ते गेलं. बुधवारी तिनं ठरवलं, आज सांगू. सांगितलं नाही. गुरुवारी रजियाला ताप आला, त्या नावाखाली तो दिवस गेला. शुक्रवारी मकबूल नमाजहून येताना मोंबासाच्या प्रवासासाठी पत्र्याची पेटी घेऊन आला. नवी, हिरव्या रंगाची. वर त्यानं रंगाऱ्याकडून तिघांची नावं घालून घेतली होती. अख्तरीचं नाव पहिलं.

त्या नावावरून तिनं एकदा बोट फिरवलं आणि ती पेटीपासून दूर सरकली.

"काय झालं?"

"रजियाचे अब्बा, भिकारीण नव्हती ती. पार्वतम्मा होती." आणि तिनं सगळं सांगितलं, काहीही हातचं न राखता.

मकबूल उभाच होता. "कधी?"

"मंगळवारी."

"चार दिवस?" तो म्हणाला. बस, एवढंच. ओरडला नाही, हात उचलला नाही. उचलला असता तर तिनं सोसला असता. खुंटीवरची शेरवानी काढली, आपला एकट्याचा परवाना काढून खिशात घातला. रजिया म्हणाली, "अब्बा, मोंबासा?" त्यानं तिच्या तापलेल्या कपाळावर हात ठेवला आणि तो स्टेशनाकडं गेला. संध्याकाळची गाडी सुटून गेली होती. दुसऱ्या दिवशीची मिळाली, ती मनमाडला रखडली.

मुंबईहून तार आली ती मंगळवारी. बोट सोमवारी सकाळीच गेली होती; तो दुपारी पोचला. पाठोपाठ पत्र आलं. त्यात सगळं सरळ लिहिलं होतं. एजंटानं दारातच ओळखलं. पुढची बोट दहा दिवसांनी आहे. मी सही केली आहे. मलप्पाचा पहिला उन्हाळा आहे, तिथं पहिलाच उन्हाळा मारतो. त्याला सावलीच्या कामाला लावीन. तू पोरीला सांभाळ. मोंबासाबद्दल एक ओळ नव्हती.

त्या भादव्यात इंग्रजांच्या फौजा इराणात उतरल्या आणि टपाल बंद झालं. अख्तरीनं हिरवी पेटी विकली. शिलाईचं काम घेतलं. मशिदीतल्या माणसांना विचारून विचारून थकली. काही कळेना. कुणी म्हणायचं कारखाना जळला, कुणी म्हणायचं बोटी बुडाल्या.

त्रेचाळीसच्या हिवाळ्यात एक माणूस काठी टेकत दारात आला. मलप्पा. अठ्ठाविशीचा असेल, पन्नाशीचा दिसत होता. उन्हानं डोळ्यांवर पांढरा पडदा आल्यागत झाला होता. दार कुठं आणि भिंत कुठं हे तो हातानं चाचपून बघत होता.

"भाभी, मी मलप्पा. मिस्त्रींनी पाठिवलं."

तिनं त्याला बसवलं. इंदूबाईंकडून जेवण मागवलं. तो जेवेपर्यंत काही विचारलं नाही, कारण विचारायची भीती वाटत होती.

"हायेत," तोच म्हणाला. "मिस्त्री हायेत. कानानं कमी ऐकू येतंय, बाकी हायेत. पहिल्या उन्हाळ्यात मी पडलो. तेव्हा त्यांनीच मला गोणपाटात घातलं. रातदिस पानी मारलं. दुसऱ्या उन्हाळ्यात डोळे गेले. डोळे गेले तरी साहेब सोडंना, करार पुरा कर म्हणं. तवा मिस्त्रींनी माझा उरलेला करार आपल्या नावावर घेतला. त्यांचा-माझा मिळून आणखी तीन वर्सं." त्यानं चाचपून काठी हाताशी घेतली. "मी नको म्हणलो, भाभी. आईच्यान, मी नको म्हणलो."

अख्तरी म्हणाली, "तुम्ही जेवलात ना पोटभर?" आणि आत जाऊन चुलीजवळ बसली.

दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला लातूरला पोचवलं, कारण एकट्याला गाडी बदलता येणार नव्हती. पार्वतम्मानं भावाला चाचपून बघितलं, कपाळ, गाल, डोळे. मग त्याला ओसरीवर झोपवलं आणि ती अख्तरीपाशी येऊन बसली. अख्तरीनं बुरखा वर केला.

"तू मंगळवारी आलीस," ती म्हणाली, "मी शुक्रवारी सांगितलं. मधे दडवलं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर तुझ्या भावाचे डोळे गेले नसते."

चुलीवर काहीतरी उतू गेलं, पार्वतम्मानं उठून ते उतरवलं नाही.

"का दडवलंस?"

"मला त्यांच्याबरोबर जायचं होतं."

"हं," पार्वतम्मा म्हणाली. मग उठली, उतू गेलेलं भांडं उतरवलं, राख सारखी केली. पाठ तिच्याकडंच होती. "तुला मी शिव्या देणार न्हाई. पर आता हितं येत जाऊ नको. माझ्यानं तुझं तोंड बघवायचं न्हाई."

अख्तरी त्याच दुपारच्या मोटारनं निघाली.

मकबूल सेहेचाळीसच्या दिवाळीनंतर परतला. कानाशी ओरडलं तरच ऐकू यायचं. रजिया अकरा वर्षांची झाली होती. ती या वेळी पळाली नाही, पण जवळही गेली नाही. चांदपाशाचं एक पत्र येऊन पडलं होतं, अजून जागा आहे म्हणून. मकबूलनं ते वाचलं आणि घडी घालून परत दिलं. बहिरा फिटर कुणालाच नको असतो. बॉयलर कुठं गळतोय ते कानानंच कळतं.

तो इतवाऱ्यात कुलपं आणि शिवणयंत्रं दुरुस्त करू लागला. अख्तरी रोज दुपारी त्याचं जेवण घेऊन दुकानावर जायची. तो निमूट जेवायचा, हात धुवायचा, डबा परत द्यायचा. त्या चार दिवसांबद्दल त्यानं तिला कधी एक शब्दही विचारला नाही, आणि आता का दडवलं ते तिनं सांगायचं म्हटलं तरी ते भर बाजारात, लोकांदेखत, ओरडून सांगावं लागलं असतं.